महोदयांसाठी सावलीची जागा

दत्ता,

तुझी शोकसभा चांगली झाली. नेहमीच्या अर्थाने नव्हे. त्या अर्थाने ती पार फसली. अध्यक्ष घाम पुसत निघून गेले, हार टेबलावरच राहिला, आभार मानायला कोणी उठलंच नाही. पण तू असतास तर शेवटच्या पायरीवर आडवा पडून हसला असतास, एवढं मला नक्की माहीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना मन मऊ ठेवावं म्हणतात. ठेवलंय मी, तुझ्यापुरतं. बाकीच्यांसाठी माझ्याकडे शिल्लक नाही.

तू कुठे जन्मलास, काय शिकलास, कुठल्या कुठल्या समित्यांवर होतास, ते मी लिहिणार नाही. ते महोदयांनी वाचून दाखवलं. त्यात त्यांनी तुला रसायनशास्त्राचा प्राध्यापक केलं. आयुष्यभर दगड फोडून भूगर्भ शिकवलास, आणि शेवटी परीक्षानळ्या हातात आल्या. मी उठून दुरुस्ती करणार होते, पण मग म्हटलं, असू दे. चुकीचा माणूस मेला असेल तर बरंच की.

‘महोदय’ हे नाव तूच ठेवलंस. विद्यापीठाच्या बांधकाम समितीचे हे अध्यक्ष. त्यांच्या नावाच्या मागेपुढे इतकी बिरुदं असत की मधलं नाव सापडत नसे, म्हणून तू ते काढूनच टाकलंस. आपल्या दोघांच्या बोलण्यात मग ते नुसते महोदय राहिले. वाचणाऱ्यांनीही तेवढ्यावरच भागवावं.

आणि ती खाण. कागदावर ‘खुला रंगमंच’, पण आपण कोणीच तिला तसं म्हणालो नाही. अंधेरीच्या पूर्वेला टेकडी फोडून आजूबाजूच्या रस्त्यांना आणि चाळींना दगड पुरवून झाल्यावर खाणवाले निघून गेले, आणि तो भला मोठा खड्डा विद्यापीठाच्या उपनगरी आवाराबरोबर फुकट पदरात पडला. आपण दोघं तिथे नोकरीला लागलो तेव्हा त्यात मोडकी बाकं, फुटकी कमोडं आणि दोन म्हशी होत्या. मी इतिहासाची, त्यामुळे मला तो उकिरडाच दिसला. तू मात्र काठावर उभा राहून म्हणालास, “इंदू, पायऱ्या बघ.”

“कुठायत पायऱ्या?”

“अगो, समोर! काढून ठेवल्यात त्यांनी. आपण फक्त झाडायच्या.”

खरंच होत्या. दगड काढणाऱ्यांनी थर सोडत सोडत काळा कातळ कापला होता, अर्धगोलात, खाली उतरत. तळाशी सपाट जमीन, आणि तिच्यामागे उभी, आत वळलेली कातळाची भिंत. तू मुलांना घेऊन रविवारमागून रविवार ती बाकं वर ओढलीस. म्हशींचा मालक मरोळहून येऊन भांडला, तर त्यालाच चहा पाजून त्याच्याकडून दोर मिळवलास. मी काठावर छत्री घेऊन बसायचे आणि ग्रीकांनी हे सगळं कसं अधिक व्यवस्थित केलं होतं ते सांगायचे. तू म्हणायचास, “त्यांच्याकडे गुलाम होते. माझ्याकडे एफवायबीएस्सी आहे.”

मग तो आवाज तपासण्याचा दिवस. त्या दिवसाची आठवण मला या आठवड्यात वेगळ्याच कारणासाठी पुन्हा पुन्हा येतेय. तू मला सगळ्यात वरच्या पायरीवर बसवलंस आणि खाली तळावर हिंडत, दर चार पावलांवर थांबून, वर्तमानपत्र वाचायला लागलास. “ऐकू येतंय?” “हो.” “आता?” “हो रे.” बाजारभाव, नळाला पाणी कधी येणार, हरवले-सापडले. मी कंटाळून पुस्तक उघडलं. थोड्या वेळाने तू माझ्याबद्दल काहीतरी बोललास, “कंटाळली बघ म्हातारी,” आणि मी मान वर न करता ओरडले, “म्हातारा तू, मेल्या!”

तू एवढा का हसलास, मला कळलं नाही. तू कातळाच्या त्या वळलेल्या भिंतीपाशी, डाव्या कोपऱ्यातल्या कोनाड्यासारख्या जागेत उभा होतास. खिशातून खडू काढून दगडावर फुली मारलीस. मी विचारलं, काय रे? “काय नाय. सावली बरी आहे हयसर.” मी पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

पहिल्या नाटकातच विमानांनी आपली वाट लावली. सांताक्रूझचं विमानतळ मानगुटीवर. दर प्रवेशात एक विमान गरजत डोक्यावरून जायचं आणि नायिकेचं रडणं त्यात वाहून जायचं. मुलं ओरडून ओरडून घसा बसवून घेत होती. तू तालीम थांबवलीस. तुझे काका कोकणात दशावतारात राजा व्हायचे. देवळात मध्येच नगारा सुरू झाला तर ते तलवार उगारलेली तशीच ठेवून उभे राहायचे, म्हणालास. “विमानाशी भांडू नका. होता तसे थांबा. ते गेलं की एक श्वास घ्या. मगच बोला.” तेव्हापासून खाणीतला तो नियम झाला. विमान आलं की तळावरची पात्रं थिजायची, हात वर असला तर वर, डोळ्यांत पाणी असलं तर डोळ्यांत. आणि पायऱ्यांवरचे लोकही थिजायचे. कोणी खोकायचं नाही. विमान गेल्यावर जी शांतता उरायची, ती एका श्वासाची, तिच्यासाठीच काही लोक घाटकोपर-मुलुंडहून दोन बस बदलून यायचे, हे मी पैजेवर सांगते. बाहेरून आलेल्याला मात्र वाटायचं, नट वाक्य विसरला.

नाटकं तर झालीच. पण सकाळी परीक्षेची पोरं पायऱ्यांवर फेऱ्या मारत पाठांतर करायची. दुपारी वसाहतीतल्या बायका वरच्या कातळावर पापड वाळत घालायच्या. संध्याकाळी जोडपी, प्रत्येक जोडप्याची पायरी ठरलेली. गिरण्यांचा संप लांबला त्या वर्षी तू खाणीत तीन संध्याकाळी एकांकिका केल्यास आणि तिकीट ठेवलंस एक किलो तांदूळ. तुझे वडील गिरणीत होते; त्यांच्या खात्यातले लोक ते घेऊन जायला आले होते. त्यांतला एकजण नाटक बघता बघता शेवटपर्यंत उभाच राहिला, बस म्हटलं तरी बसेना. तू त्या दिवशी एकदाही विनोद केला नाहीस.

एवढं सगळं झाल्यावर महोदयांना खाण दिसली.

उद्घाटन! ज्या जागेत इतकी वर्षं नाटकं होत होती तिचं उद्घाटन. रेशमी फीत, शहनाईची टेप, आणि चार भोंगे असे लावलेले की विमानालाही लाज वाटावी. महोदय भाषणात म्हणाले, हे स्वप्न मी लहानपणापासून पाहत होतो. लहानपणी माणसाला गोट्या हव्या असतात, पतंग हवा असतो; यांना म्हणे खुला रंगमंच. फलकावर त्यांचं नाव, बिरुदांसकट. तुझं नाव नव्हतं. तू मागे, पापडांच्या पायरीवर, मुलांबरोबर शेंगदाणे खात बसला होतास, आणि मी दात खात. घरी जाताना मी म्हटलं, “तुला काहीच वाटत नाही का रे?” तू म्हणालास, “वाटतं ना. शेंगदाणे खवट होते.”

हा तुझा शहाणपणा मला कधीच पटला नाही. आजही पटत नाही. अपमान गिळणाऱ्या माणसाला लोक मोठ्या मनाचा म्हणतात, कारण त्यामुळे अपमान करणाऱ्याची सोय होते.

आणि मग तू त्यांना सोफा दिलास. आपलं खरं भांडण तिथलं.

महोदयांना पायरीवर बसणं जमेना, कातळ टोचतो. पाहुण्यांसाठी कायमचं सिमेंटचं व्यासपीठ हवं, वर सोफा, समोर काचेचं टेबल. जागा सुचवायला समितीने तुला बोलावलं. मला वाटलं, आता तरी तू नाही म्हणशील. तू समितीच्या साहेबांना घेऊन तळावर हिंडलास, नमस्कार-चमत्कार केलेस, आणि डाव्या कोपऱ्यातला तो कोनाडा दाखवलास. साहेब, इथे दिवसभर सावली असते. महोदय खूश. मी ते ऐकलं आणि तुला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर झापलं.

“सिंहासन बांधून दिलंस त्यांना! तेही आपल्या खाणीत!”

“गप रव गो. सावलीत बसू दे त्यांना.”

“का म्हणून?”

“उन्हात बसले तर लवकर उठतील ना. मला ते बसायला हवेत.”

“तू लाचार झालायस, दत्ता.”

तू चहाची बशी सरळ केलीस आणि म्हणालास, “जागा मी बघून दिलीय. एवढं लक्षात ठेव.” मी उठून गेले. त्यानंतर आपण बोलत होतो, डबे वाटून खात होतो, पण सोफ्याचा विषय निघाला की दोघांपैकी एकाला तास असायचा.

गेल्या वर्षीपासून कुजबुज सुरू झाली की खाण बुजवून तिथे प्रशासकीय इमारत येणार. मुलांनी विचारलं की महोदय छातीवर हात ठेवायचे: अफवा आहे, माझ्या स्वप्नाला मी हात लावीन का? तुझं दुखणं तोवर बळावलं होतं. बोरिवलीला तुझ्या घरी आले त्या शेवटच्या दुपारी वहिनी पेज भरवत होत्या आणि तू ती नको नको म्हणत होतास. मी म्हटलं, तू बरा हो, आधी तो सोफा खाणीतून उचलून टाकू. तू एकदम मान हलवलीस. “नको. तो तिथेच राहू दे. कोणी हलवायला आला तर भांड.”

मला वाटलं, ताप बोलतोय.

“आणि शोकसभा घेतील ते. त्यांना सभा चुकत नाही.”

“काय अभद्र बोलतोस!”

“घेऊ दे गो. खाणीतच घ्या म्हणावं. फक्त भोंगा नको.”

वहिनी रडायला लागल्या म्हणून मी विषय बदलला. तू खिडकीकडे तोंड करून हसत होतास. मी ते हसणं चार वेगवेगळ्या कारणांना लावलं. एकही बरोबर नव्हतं.

तर शोकसभा. भोंगा नको म्हणून मी हट्ट धरला, तुझी शेवटची इच्छा म्हणून. महोदय लगेच कबूल झाले. साधेपणा त्यांना शोभतो असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं आहे. पायऱ्या भरल्या होत्या, पार वरपर्यंत. व्यासपीठावर सोफा, सोफ्यावर महोदय, शेजारी विद्यापीठाचा बांधकाम अभियंता. तुझा फोटो टेबलावर. भाषण करायला महोदय तळाच्या मध्यभागी आले आणि गहिवरून म्हणाले की दत्तारामांची ही आठवण आपण जिवापाड जपू, या रंगमंचाच्या एका दगडालाही धक्का लागू देणार नाही. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! पण लोकांना तेच ऐकायचं होतं. मग ते जाऊन पुन्हा सावलीत बसले.

त्यानंतर रत्ना उभी राहिली. तुझी वर्सोव्याची रत्ना, कोळीवाड्यातली, आवाजाला धार असलेली, पहिल्या तालमीला तू तिला सांगितलं होतंस, “हळू बोल, बोटी परत येतील.” आता ती स्वतः नाटकं बसवते. तुमच्या पहिल्या एकांकिकेतलं आईचं स्वगत तिने धरलं. मध्यावर आली, हात वर उचलला, आणि विमान आलं.

ती थिजली. आम्ही सगळे थिजलो. विमान जरा रेंगाळलं, त्या दिवशी तेही शोकसभेला आल्यासारखं. आणि महोदयांना वाटलं, पोरगी विसरली.

ते अभियंत्याकडे कलले. विमानाच्या आवाजात ऐकू जावं म्हणून जरा आवाज चढवून बोलत होते. मग विमान गेलं. शांतता आली. तुझी ती एका श्वासाची शांतता, दत्ता, आणि तिच्यात महोदयांचा आवाज, स्वच्छ, गोल, जणू माझ्या कानाशी बसून बोलतायत:

“…विसरली वाटतं बाई. असू दे. परीक्षा संपून पोरं घरी गेली की भराव टाकायला घ्या. इमारतीला याचंच नाव देऊन टाकू, म्हणजे कोणी बोंबलणार नाही. आणि आटपा हो हे आता, मला पार्ल्याला सत्काराला जायचंय.”

मी सगळ्यात वरच्या पायरीवर होते. तिथे, जिथे तू मला बसवलं होतंस. एकदम मला खडू दिसला. फुली दिसली. “कंटाळली बघ म्हातारी” हे तू ओरडून बोललाच नव्हतास; तू ते तोंडातल्या तोंडात पुटपुटला होतास, आणि वळलेल्या कातळाने ते उचलून माझ्या मांडीवर आणून टाकलं होतं. इतक्या कार्यक्रमांत ते कोणाला कळलं नाही, कारण महोदय जिथे तिथे भोंगे. अरे लबाडा! खवट शेंगदाणे म्हणे!

खाली रत्नाचा हात अजून वर होता. तिने तो सावकाश खाली घेतला, साडीचा पदर खोचला आणि सोफ्याकडे वळली.

“भराव कुठून सुरू करताय, साहेब? आम्ही उठू का आधी?”

महोदय उभे राहिले. “कसला भराव?” म्हणाले. तेही सगळ्यांना ऐकू आलं. अभियंता पुटपुटला, “सर, त्यांनी ऐकलं वाटतं.” तेही. पायऱ्यांवर कोणीतरी फिसकन हसलं आणि मग आवरेना. महोदय बोलायला लागले, की ही प्राथमिक चर्चा होती, की शब्दांचा विपर्यास.

“नाय ते नको,” रत्ना म्हणाली. “मगाशी म्हणालात ना, दगडाला धक्का लागणार नाय? तेच परत बोला. आता तिथूनच.”

“मोठ्याने!” वरून एक पोरगा ओरडला.

“मोठ्याने कशाला रे?” रत्ना म्हणाली. “मगाशी ऐकू आलंच ना सगळं?”

आणि कोणी उठेना. दारातल्या गाडीचा हॉर्न वाजत होता, पार्ल्याचा सत्कार थांबला होता, आणि आम्ही विमान गेल्यावर बसतो तसे बसून होतो. शेवटी महोदय बोलले. भराव पडणार नाही. इमारत दुसरीकडे. मी जाहीर करतो. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण, आणि सगळ्यात हळू, आणि एकेक अक्षर पापडांच्या पायरीपर्यंत पोचलं. तुझ्या फोटोकडे त्यांनी पाहिलं नाही. मी पाहिलं. फोटोत तू नेहमीसारखाच दिसत होतास, बावळट. माझा इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर विश्वास बसला, याचंच आश्चर्य.

आता माझी तक्रार ऐक. तू मला सांगायला हवं होतंस. लाचार म्हटलं तुला मी, कॅन्टीनमध्ये, आणि तू बशी सरळ करत बसलास. एक वाक्य बोलला असतास तर आपण दोघांनी वर बसून वाट पाहिली असती. सूड एकट्याने घ्यायची गोष्ट आहे का? महोदयांना मी माफ करणार नाहीच. पण तू हा आनंद माझ्यावाचून मनात साठवलास, हे तुलाही सहजासहजी माफ नाही. मी तुला सांगितलं असतं. मला गुपित ठेवता येत नाही म्हणूनच तू सांगितलं नाहीस, हे मला माहीत आहे. तरीही.

सगळे गेल्यावर मी खाली उतरले आणि त्या सोफ्यावर जाऊन बसले. पहिल्यांदाच. स्प्रिंग टोचते, पण सावली खरंच चांगली आहे. तुला जे सांगायचं राहिलं होतं ते मी अगदी हळू बोलले. शेजारी बसला असतास तरी मान कलवावी लागली असती. वर रत्ना चपला शोधत होती. ती तिथूनच म्हणाली, “ऐकू आलं हो मॅडम.” मग चपला पायात सरकवत, “सरांना पण आलं असेल.” काय बोलले ते इथे लिहीत नाही. रत्नाला माहीत आहे, तेवढं पुरे.

दोन दिवसांनी महोदयांनी मला बोलावून घेतलं. अस्वस्थ होते. एवढ्या लांब आवाज गेला कसा, विचारत होते. दुसऱ्या कोणी बोललेलं असं जात नाही ना? दत्ता, तू असतास तर तू काय केलं असतंस ते मी केलं. चेहरा बावळट केला. म्हटलं, “साहेब, तुमचा आवाजच भारदस्त आहे. खाणीत सगळ्यांना नाही पेलत.”

ते खूश झाले. खरंच झाले! म्हणाले, लहानपणापासून लोक तसं म्हणतात.

भरावाचं वचन त्यांनी दिलंय, पण वचनं विसरायची त्यांना सवय आहे, आणि विसरण्याआधी ते कोणाच्या तरी कानात बोलणारच. तेव्हा त्यांना तिथे बसवून ठेवायला हवं. सोफ्याची स्प्रिंग मी बदलून घेतली आहे. वर मखमली खोळ शिवायला टाकली आहे, लाल, कडेला सोनेरी गोंडे. स्नेहसंमेलनाला अध्यक्ष तेच आहेत. भोंग्यांची गरज नाही, तुमच्या आवाजाला ते शोभत नाहीत, असं कळवलं तर स्वतःच नको म्हणाले.

मी वर असेन. शेंगदाणे ताजे आणते.